गाडीत लहान मूल असताना सिगारेट: कायद्याने काही फरक पडतो का?

ओसरी

यजमानांचे मामा पुण्याहून आमच्याकडे इंग्लंडमध्ये रेडिंगला आलेत. हीथ्रोहून घरी येताना मोटरवेला लागलो आणि मामांनी सवयीने काच दोन बोटं खाली केली, पाकीट काढलं. मागे माझी लेक तिच्या सीटमध्ये झोपलेली. नवरा गाडी चालवत होता, तो गप्प. मामांपुढे त्याची आजवर कधी बोलायची टाप झालेली नाही, मी तर सून. तरी म्हटलं, "मामा, इथे कायदा आहे हो. पोलिसांनी पाहिलं तर ह्यालाच दंड होईल." मामा म्हणाले, "असं होय? मग राहू दे." पाकीट खिशात गेलं. रुसवा नाही, टोमणा नाही, पुढे अर्धा तास ते इथल्या घरांवरच्या धुराड्यांबद्दल बोलत होते.

"बाळाला त्रास होतो" असं म्हटलं असतं तर "आमची चार पोरं ह्याच धुरात वाढली" हे उत्तर ठरलेलं होतं.

कायदा असा आहे: इंग्लंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०१५ पासून खासगी गाडीत १८ वर्षांखालचं कोणी असेल तर सिगारेट, बिडी, पाइप काहीही ओढता येत नाही. दंड ५० पौंड, ओढणाऱ्याला होतो आणि ओढू दिलं म्हणून चालकालाही होऊ शकतो. काच उघडी असली, एसी चालू असला, दार उघडं टाकून सीटवर बसून ओढली तरी सुटका नाही. टप पूर्ण उघडलेली गाडी मात्र सुटते. स्कॉटलंडने डिसेंबर २०१६ मध्ये असाच कायदा लागू केला, तिथे दंड १०० पौंड. उत्तर आयर्लंडचा नंबर २०२२ मध्ये लागला.

प्रश्न दोन. भारतात खासगी गाडीबद्दल असं काही आहे का? आणि केलं तर कोणी पाळेल का?

धूम्रकेतू

आयडीवरून कळलंच असेल मी कुठल्या पार्टीचा. आधीच सांगतो, लेक गाडीत असताना मी ओढत नाही. पण हे मला सरकारने सांगावं हे पटत नाही. गाडी माझी, हप्ते माझे, पोरगी माझी. उद्या घरात येऊन बघणार का, गॅलरीत उभा राहतो की हॉलमध्ये?

आणि धुराचंच म्हणाल तर पुण्यात सिग्नलला काच खाली करून बघा. रात्री मुलांच्या खोलीत मच्छर कॉइल लावता ना? एका कॉइलमधून शंभरेक सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात, हे पुण्याच्याच फुफ्फुसतज्ज्ञ डॉ. संदीप साळवींनी किती वेळा सांगितलंय. त्यावर कायदा कुठाय?

कांदेपोहे

पुण्यात हेल्मेट घालायला लावा आधी. मग गाडीतल्या सिगारेटीचं बघू.

ऑकलंडकर

न्यूझीलंडमध्ये २८ नोव्हेंबर २०२१ पासून आहे. १८ वर्षांखालचं मूल गाडीत असेल तर सिगारेट आणि व्हेप (ई-सिगारेट) दोन्ही बंद, गाडी चालू असो की पार्क केलेली. दंड ५० डॉलर, पण पोलीस नुसती समज देऊनही सोडू शकतात. माझ्या माहितीत कोणाला पावती फाटलेली नाही. पण शाळेच्या गेटसमोर गाडीत बसून ओढणारे बाप आधी दिसायचे, ते आता बाहेर उतरून उभे राहतात. माझ्यापुरतं तरी हे बरं झालं.

शेजारी ऑस्ट्रेलियाने हे आमच्या कितीतरी आधी केलं. दक्षिण ऑस्ट्रेलियात २००७ पासूनच आहे, तिथे वयाची अट १६ ची.

बालरोग_नाशिक

धूम्रकेतू, कॉइलचा मुद्दा बरोबर आहे. मी पालकांना कॉइलही बंद करायला सांगते. पण एक धूर वाईट म्हणून दुसरा चालवून घ्यायचा, हे काही पटत नाही.

माझ्या ओपीडीत दर हिवाळ्यात घरघर लागलेली मुलं येतात. विचारते, घरात कोणी ओढतं का? उत्तर येतं, "छे छे डॉक्टर, घरात अजिबात नाही." मग विचारते, गाडीत? मग नवराबायको एकमेकांकडे बघतात. गाडीतला धूर लोक हिशेबात धरतच नाहीत. काच उघडी होती ना, संपलं.

लहान मूल आपल्यापेक्षा भराभर श्वास घेतं. म्हणजे त्याच हवेतून, वजनाच्या मानाने, त्याच्या छातीत जास्त जातं. श्वासनलिका मुळात अरुंद असतात, थोडी सूज आली तरी घुसमट होते. दमा बळावणं, ब्राँकायटिस, कानाच्या मधल्या भागाचं वारंवार होणारं इन्फेक्शन, तान्ह्या बाळांत झोपेतला अचानक मृत्यू, ह्या सगळ्यांचा दुसऱ्याच्या धुराशी संबंध पक्का झालेला आहे. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या) २००६ च्या अहवालात स्पष्ट लिहिलंय की ह्या धुराची सुरक्षित म्हणावी अशी पातळीच नाही. मोठा माणूस नको वाटलं तर उतरतो. मूल पट्ट्याने बांधलेलं असतं.

टुकटुक

गाडीतला धूर घरातल्यापेक्षा २३ पट विषारी असतो असं वाचलंय. खरंच एवढा?

आकडेमोड

टुकटुक, त्या २३ पटीची गोष्ट मजेशीर आहे. हा आकडा जगभरच्या पत्रकांत, संसदेतल्या भाषणांत, आरोग्यखात्यांच्या पोस्टरांवर फिरला. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी, मॅकेन्झी आणि फ्रीमन त्यांची नावं, कॅनडाच्या वैद्यकीय जर्नलमध्ये त्याचा माग काढला. मागे मागे जात ते कुठे पोचले? अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्रातल्या १९९८ च्या बातमीतल्या एका वाक्यापाशी. त्यामागे कुठलाही अभ्यास त्यांना सापडला नाही. एकाने दुसऱ्याचं उचललं, दुसऱ्याने तिसऱ्याचं, आणि संदर्भावर संदर्भ चढत गेले. एवढं होऊनही २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने गाडीत धूम्रपानबंदीची मागणी करताना तोच आकडा वापरला, आणि मग दुरुस्त करून ११ पट केला.

धूम्रकेतू

बघा! म्हणजे कायद्याचा पायाच थापांचा.

आकडेमोड

थांबा, घाई करू नका. आकडा खोटा निघाला म्हणून धूर खोटा ठरत नाही. स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनच्या शॉन सेम्पल आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये छापलेली मोजमापं बघा. लोकांच्या रोजच्या फेऱ्यांत, त्यांच्याच गाड्यांत, मागच्या सीटवर यंत्र ठेवून सूक्ष्म कण मोजले. सिगारेट न ओढलेल्या फेऱ्यांत सरासरी साधारण ७ मायक्रोग्रॅम दर घनमीटर. ओढलेल्या फेऱ्यांत ८५. तेव्हाची जागतिक आरोग्य संघटनेची घरातल्या हवेसाठीची मर्यादा २५ होती. हे गाडीवाले खिडकी उघडत होते, काही जण एसीही लावत होते, तरी ८५. काही फेऱ्यांत शिखर आकडा कित्येक शेकड्यांत गेला.

काच दोन बोटं खाली केल्याने धूर बाहेर जातो हा समज चुकीचा आहे. थोडा जातो. पण पुढच्या खिडकीतून येणारा वारा बराचसा धूर मागे ढकलतो, आणि मागे कोण बसतं ते वेगळं सांगायला नको.

कोथरूडचे_आजोबा

वय झाल्याचा एक फायदा, जुनं आठवतं. एसटीत "धूम्रपान करू नये" ही पाटी आमच्या लहानपणीही होती आणि पाटीखालीच बसून लोक बिडी ओढायचे. कंडक्टर स्वतः ओढायचा. कोणी काही बोललं तर "खिडकीत बसा की" असं उत्तर यायचं. आज एसटीत कोणी पेटवली तर आख्खी गाडी अंगावर येईल. हे एका दिवसात झालं नाही आणि नुसत्या पोलिसांनीही झालं नाही.

मुंबईच्या मुरली देवरांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती, त्यावर नोव्हेंबर २००१ मध्ये निकाल आला आणि सरकारी कचेऱ्या, दवाखाने, शाळा, वाचनालयं, रेल्वेसकट सार्वजनिक वाहनं, सगळीकडे बंदी लागली. तेव्हा आमच्या कट्ट्यावर सगळे हसले होते. "कोण पाळणार?" म्हणत. हसणाऱ्यांत ओढणारे जास्त होते, हे जाता जाता.

वकीलसाहेब_ठाणे

ओसरी यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

केंद्राचा तंबाखू कायदा २००३ चा. त्याचं कलम ४ सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी घालतं. २ ऑक्टोबर २००८ पासून नवे नियम लागू झाले, दंड २०० रुपयांपर्यंत. सार्वजनिक वाहन व्याख्येतच आहे, म्हणजे बस, रेल्वे, रिक्षा, टॅक्सी, अॅपवरून बोलावलेली कॅब, हे सगळं येतं. खासगी मोटारीचं नाव त्यात नाही. मूल आत असो वा नसो.

आता गंमत. व्याख्येचे पहिले शब्द असे आहेत की "जिथे जनतेला प्रवेश आहे, हक्काने असो वा नसो". रस्त्यावरची खासगी गाडी अशी जागा आहे का? ह्यावर वेगवेगळ्या कायद्यांखाली वेगवेगळी उत्तरं आलीत. बिहारच्या दारूबंदीत झारखंडहून येणाऱ्या गाडीतल्या लोकांना पकडलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सतविंदर सिंग प्रकरणात म्हटलं की सार्वजनिक रस्त्यावरची खासगी गाडी सार्वजनिक जागा ठरते, कारण हक्काने नसला तरी लोकांना तिच्यापर्यंत पोचता येतं. एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, मास्कच्या वादात, एकट्याने चालवलेली गाडीसुद्धा सार्वजनिक जागा मानली. आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बूटा सिंग प्रकरणात, अमली पदार्थांच्या कायद्याखाली, खासगी गाडी सार्वजनिक जागा नाही असं ठरवलं.

म्हणजे प्रत्येक कायद्याची व्याख्या वेगळी, हेतू वेगळा, निकाल वेगळा. तंबाखू कायद्याची व्याख्या बिहारच्या व्याख्येच्या जवळ जाते, त्यामुळे युक्तिवाद उभा करता येईल. पण "येईल" आणि "आहे" ह्यात पोलीस चौकीएवढं अंतर असतं. मला विचाराल तर अशा ओढाताणीपेक्षा इंग्लंडसारखी एका पानाची स्पष्ट तरतूद हवी.

गोव्याने तर केंद्राच्या आधीच, १९९७ मध्ये, धूम्रपान आणि थुंकण्यावर स्वतःचा कायदा केला होता. राज्यं असं काही करतच नाहीत असं समजू नका.

फोंड्याचो

वकीलसाहेबांनी गोव्याचं नाव काढलं म्हणून लिहितो. माझा गाड्या भाड्याने द्यायचा धंदा. सीझनला कुटुंबं येतात, मागे दोन मुलं, पुढे बाबा. गाडी परत येते तेव्हा छताच्या कापडाला, पट्ट्यांना, मुलाच्या सीटला वास बसलेला असतो. चार दिवस उन्हात दारं उघडी टाकून ठेवली तरी जात नाही. आम्ही करारात सिगारेट बंदी घालतो, वासाचे पैसे कापतो. पैशाला लोक लगेच समजतात.

धूम्रकेतू

सगळं मान्य. पण अंमलबजावणीचं काय? १०० च्या स्पीडने जाणाऱ्या गाडीत मागे कोण बसलंय, १७ चं की १९ चं, हे हवालदार बघणार? इंग्लंडमध्ये तरी किती जणांना दंड झाला ते सांगा ना, ओसरी.

ओसरी

फारच थोड्यांना. सुरुवातीलाच पोलिसांच्या संघटनांनी सांगितलं होतं की हे पकडणं अवघड आहे. विरोध करणारे खासदार हेच म्हणत होते. १० फेब्रुवारी २०१४ ला हाउस ऑफ कॉमन्समध्ये मतदान झालं, ३७६ विरुद्ध १०७. त्या १०७ मध्ये बऱ्याच जणांचं म्हणणं तुमच्यासारखंच होतं, गाडी ही माणसाची खासगी जागा.

कॅलिफोर्नियाची गंमत तर याहून मोठी. तिथे २००८ पासून बंदी आहे, पण फक्त ह्या कारणासाठी पोलीस गाडी थांबवूच शकत नाहीत. आधी दुसरा काही गुन्हा दिसला पाहिजे. तरी कायदा ठेवलाय.

आकडेमोड

दंड किती झाले ह्यापेक्षा मुलं किती धुरात बसली हे मोजायला हवं, आणि ते मोजलं गेलंय. इंग्लंड आणि स्कॉटलंडमधल्या १३ ते १५ वर्षांच्या मुलांना सर्व्हेत विचारलं, गाडीत नेहमी धुरात बसावं लागतं का. इंग्लंडमध्ये हो म्हणणारी २०१२ मध्ये ६.३ टक्के, २०१४ मध्ये ५.९. कायद्यानंतर २०१६ मध्ये १.६ टक्के. स्कॉटलंडचा कायदा तेव्हा यायचा होता. तिथे ३.४ वरून २.२ आणि मग १.३, म्हणजे घट होतच होती. तो मूळचा उतार वजा करूनही इंग्लंडमधली घट ७२ टक्क्यांच्या आसपास निघाली. थोरॅक्स नावाच्या जर्नलमध्ये आलंय.

धूम्रकेतू

मुलांनी सांगितलेलं ना? १४ वर्षांच्या पोराला कायदा माहीत असेल तर ते बापाला वाचवायला "नाही" म्हणेल. माझी लेक म्हणेल.

आकडेमोड

ही शंका रास्त आहे, अशा सर्व्हेत ती राहतेच. रक्त किंवा लाळ तपासून निकोटिनचा अंश मोजला असता तर जास्त पक्कं झालं असतं. पण इतकी मोठी घट नुसत्या बापप्रेमाने व्हायची नाही.

ओसरी

मला वाटतं, दंड कमी झाले म्हणून कायदा फसला असं मानणं ही आपली सवय आहे. आपण कायदा म्हणजे पोलीस आणि पावती एवढंच धरतो. ह्या कायद्याचं खरं काम गाडीच्या आत होतं. नवऱ्याला बायको सांगू शकत नाही, सासऱ्याला सून सांगू शकत नाही, ड्रायव्हिंग करणाऱ्या काकाला पुतण्या सांगू शकत नाही. सांगितलं तर मान-अपमान. "पोलीस धरतील" म्हटलं की तोच माणूस निमूट विझवतो, कारण त्याला कोणापुढे हार मानावी लागत नाही. समोरच्याचं नाक न कापता बोलायची सोय झाली. आपल्याकडच्या घरांत तर ती सोय इंग्रजांच्या घरांपेक्षा दुप्पट लागेल.

रांगडा_कोल्हापुरी

ताई, मुद्दा पटला, पण आमच्याकडं गाडीत सिगारेट ओढणारी किती? भारताच्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात, २०१६-१७ च्या, महाराष्ट्रात तंबाखूची कुठली ना कुठली सवय असणारी २६.६ टक्के माणसं, ओढणारी मात्र एकूण माणसांत जेमतेम ४ टक्के. बाकी सगळी मळून दाढेखाली नायतर मिश्री. गाडीत बाप मागं वळून काच खाली करतोय तो थुंकायला. पोराच्या अंगावर शिंतोडं उडत्यात त्याचं काय? त्यावर आधी धागा काढा.

बालरोग_नाशिक

रांगडे, हसले पण खरं आहे. मिश्री लावणारी आजी आणि तिची मांडी न सोडणारं नातवंड हा माझ्याकडचा वेगळाच विषय आहे. तरी ४ टक्के म्हणजे महाराष्ट्राच्या लोकसंख्येत लाखो माणसं. आणि गाडी घेण्याची ऐपत असलेल्यांत मळण्यापेक्षा ओढणं जास्त चालतं, निदान माझ्याकडे येणाऱ्या पालकांत तरी.

टुकटुक

व्हेपचं काय? माझा भाचा म्हणतो मावशी हा धूर नाही, वाफ आहे, आणि गाडीत खुशाल ओढतो. आंब्याचा वास येतो.

वकीलसाहेब_ठाणे

भारतात ई-सिगारेटवर २०१९ चा कायदा आहे. बनवणं, आणणं, विकणं, वाटणं, साठवणं, जाहिरात करणं, सगळं बंद. साठवणं सोडून बाकीच्यांत पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. "ओढणं" हे क्रियापद मात्र त्या यादीत नाही. भाच्याला विचारा, मिळतं कुठून? त्याच्या उत्तरात कोणीतरी गुन्हा करतंय हे नक्की.

ओसरी

इकडे उलट आहे. २०१५ च्या इंग्लंडच्या बंदीत व्हेप धरलेलंच नव्हतं, कारण सिगारेट सोडायला ते मदत करतं असं इथल्या डॉक्टरांचं म्हणणं. न्यूझीलंडने २०२१ मध्ये केलं तेव्हा दोन्ही एकत्र धरलं.

बालरोग_नाशिक

टुकटुक, ती नुसती वाफ नाही. त्यात निकोटिन असतं, सूक्ष्म थेंब असतात. सिगारेटीपेक्षा कमी घातक असेल, पण मुलाच्या फुफ्फुसाला "कमी" देण्याचं कारण काय? आणि भाच्याला सोडायचं असेल तर राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, पैसे लागत नाहीत.

दुबईकर_देशपांडे

यूएईत मूल १२ वर्षांखालचं असेल तर गाडीत ओढायला बंदी, दंडही होतो. इथे "कोण पाळणार" असं कोणी विचारत नाही. हीच माणसं सुट्टीत मुंबई विमानतळावर उतरली की टॅक्सीत बसायच्या आधी लायटर शोधतात.

धूम्रकेतू

ओसरीताईंचा नाक न कापण्याचा मुद्दा वाचून बायकोने स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. मी अजूनही विरोधात. पण कायदा आलाच तर १८ नको, १२ ठेवा. १७ वर्षांचा पोरगा स्वतः चोरून ओढत असतो, त्याच्या फुफ्फुसांची काळजी मला कशाला?

वकीलसाहेब_ठाणे

आपल्याकडे १८ खालच्याला तंबाखू विकता येत नाही, बाल न्याय कायद्याप्रमाणे मूल म्हणजे १८ खालचंच. १२ आणलं तर आणखी एक व्याख्या आणि आणखी एक पळवाट. शिवाय १३ वर्षांचा दम्याचा मुलगा कुठे जाणार?

चिमणचारा

वाचनमात्र होते, एक विचारायचंय. मुलीची स्कूल व्हॅन. काका एरवी चांगले आहेत, पण शाळेबाहेर मुलं बसेपर्यंत आत बसूनच ओढतात. व्हॅन त्यांच्या स्वतःच्या मालकीची आहे. म्हणजे खासगी गाडी झाली का?

वकीलसाहेब_ठाणे

नाही. मालकी कोणाची हे महत्त्वाचं नाही, भाडं घेऊन मुलं नेतात म्हणजे ती सार्वजनिक वाहतूकच. कलम ४ सरळ लागतं. त्याआधी सोपा रस्ता: महाराष्ट्रात २०११ च्या स्कूल बस नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष. त्यांना लेखी द्या, पोच घ्या. दोन-चार पालकांच्या सह्या मिळाल्या तर उत्तम.

चिमणचारा

माझं एकटीचं नाव पुढे आलं तर काका मुलीशी बोलायचे बंद होतील, ती भीती आहे. आज पालकांच्या ग्रुपवर विचारते कोण सही करतंय.

कांदेपोहे

माझी घ्या. आमचा मुलगाही त्याच धर्तीच्या व्हॅनने जातो, वेगळी शाळा असली तरी. समितीला पत्र कसं लिहिलं तो मसुदा इथे टाका, मी आमच्या शाळेत देतो. हेल्मेटचं नंतर बघू.